कोड बदलला की डॉक्युमेंटेशनही बदललंच पाहिजे: आमची वाटचाल

चाकण, रांजणगाव, भोसरी या पट्ट्यातल्या कारखान्यांचा माल नेणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. बिल्टी (माल पाठवल्याची ट्रान्सपोर्टची पावती), ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीसाठी लागणारा जीएसटीचा ऑनलाइन दाखला), पोचपावती, सगळं. ऑफिस कोथरूडला, माणसं मोजकी. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीला ई-वे बिल सक्तीचं झालं आणि कारखान्यांना ही माहिती थेट आपल्या ईआरपीमध्ये, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हवीशी झाली. आमचा एपीआय, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडून थेट माहिती घ्यायची सोय, तिथून सुरू झाला.

एपीआयचं खरं गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या कंपनीतला डेव्हलपर. तो आमची स्क्रीन कधी बघत नाही, डॉक्युमेंटेशन वाचून काम करतो. म्हणून ते आमच्या मालाचाच भाग, असं मी पहिल्यापासून धरून चाललोय. अडचण एवढीच की कोड रोज बदलतो आणि वेगळीकडे लिहून ठेवलेली माहिती मागे पडते. माणसं कितीही मन लावून काम करणारी असोत, पडतेच. त्यामुळे डॉक्युमेंटेशन कोडशी जुळतंय का हे बघायचं काम आम्ही टेस्टवर, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रॅमवर, सोपवायचं ठरवलं.

कोड जावा-स्प्रिंगमध्ये, म्हणून सुरुवात स्प्रिंग रेस्ट डॉक्स या, टेस्टमधूनच डॉक्युमेंटेशन बनवणाऱ्या टूलने केली. टेस्ट चालताना जी रिक्वेस्ट (मागणी) गेली आणि जो रिस्पॉन्स (उत्तर) आला, तोच उदाहरण म्हणून छापला जातो. रिस्पॉन्समध्ये फील्ड (माहितीचा एखादा रकाना) आहे पण डॉक्युमेंटेशनमध्ये त्याची नोंद नाही, तर टेस्ट फेल. नोंद आहे आणि फील्डच नाही, तरी फेल. ही दुहेरी शिस्त मला फार आवडली.

पुढे गिऱ्हाइकं ओपनएपीआयची फाइल, म्हणजे एपीआयचं ठरावीक साच्यातलं वर्णन, मागू लागली, कारण तिच्यातून क्लायंट कोड (एपीआय वापरणारा त्यांच्या बाजूचा कोड) आपोआप तयार करता येतो. ती फाइल आम्ही कोडच्याच रेपोमध्ये, म्हणजे कोड साठवायच्या जागी, ठेवली. बदल आणि त्याची नोंद एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायच्या प्रस्तावात) यायला हवी. प्रत्येक इंटिग्रेशन टेस्टचा (सगळे भाग एकत्र चालवून बघणाऱ्या टेस्टचा) रिस्पॉन्स स्कीमाशी, म्हणजे फाइलमध्ये लिहिलेल्या फील्डच्या साच्याशी, ताडला जातो आणि कोडमधले सगळे एंडपॉइंट (माहिती मागायचे पत्ते) फाइलमधल्या यादीशी जुळवले जातात. जुळलं नाही तर बदल मर्ज होत नाही, म्हणजे मुख्य कोडमध्ये जात नाही. कितीही घाई असो, मी स्वतः सांगितलं तरी होत नाही.

याचा उपयोग कसा होतो ते सांगतो. ई-वे बिलाचा क्रमांक १२ आकडी. आमच्याकडे तो स्ट्रिंग (मजकूर) म्हणून, म्हणजे अवतरणचिन्हांत जातो. एकदा कोडची साफसफाई करताना ती चिन्हं गेली आणि नुसता आकडा येऊ लागला. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. पण समोरच्याकडे डॉटनेटचं (मायक्रोसॉफ्टचं प्रोग्रॅमिंग व्यासपीठ) सिस्टिम.टेक्स्ट.जेसन हे आलेली माहिती वाचणारं टूल असेल आणि त्याला स्ट्रिंगच्या जागी आकडा मिळाला, की ते सरळ एक्सेप्शन देतं, म्हणजे चूक दाखवून थांबतं. क्रमांक ईआरपीत चढला नाही तर गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर ताटकळतोय, फोनवर फोन. स्कीमाच्या टेस्टने ते मर्जच्या आधीच अडवलं.

टेस्टमध्ये स्कीमा आम्ही बंद ठेवतो, म्हणजे नोंद नसलेलं एकही फील्ड चालत नाही. गिऱ्हाइकाला देतो त्या फाइलमध्ये तो उघडा असतो, नाहीतर आम्ही एखादं नवं फील्ड वाढवलं की कडक तपासणी करणाऱ्यांचं काम अडेल. रात्री स्कीमाथेसिस नावाचं तपासणीचं टूल चालतं. ते स्कीमा वाचून स्वतःच वेडेवाकडे इनपुट तयार करतं आणि सर्व्हर ५०० (म्हणजे सर्व्हरच्या आतच बिघाड) देतो का, नोंद नसलेला स्टेटस कोड (उत्तरासोबतचा निकालाचा आकडा) येतो का, हे बघतं. माल घेणाऱ्याचं नाव आमच्याकडे मराठीतही येतं, त्यामुळे असली झाडाझडती मला अत्यावश्यक वाटते.

पण टेस्टला अर्थ कळत नाही, हे नव्या मुलांना मी आवर्जून सांगतो. वजनाच्या फील्डमध्ये ९ आलं तर स्कीमाच्या दृष्टीने ठीकच आहे. ते ९ किलो की ९ टन, हे वर्णनात माणसानेच लिहायचं असतं. म्हणून प्रत्येक फील्डचं वर्णन आमच्याकडे बुकिंग ऑफिसमध्ये काम केलेल्या एक ताई वाचतात. त्यांनी होकार दिल्याशिवाय ते बाहेर जात नाही.

सध्या ओपनएपीआय ३.० वरून ३.१ वर जायचं काम चालू आहे. माल पोचेपर्यंत पोच-तारीख रिकामी असते. ३.० मध्ये त्यासाठी नलेबल (रिकामं चालेल) असं वेगळं लिहावं लागायचं, ३.१ मध्ये ते गेलं आणि नल (रिकामं) हा फील्डच्या प्रकारांच्या यादीतच लिहितात. पोचपावतीचे एंडपॉइंट आधी हातात घेतलेत, बिल्टीचे त्यानंतर.