पांढऱ्यावरचा पिवळा

दुपारी उन्हाची तिरीप स्क्रीनवर आली आणि डार्क थीममधला कोड दिसेनासा झाला. दिसू लागला तो माझाच चेहरा, आणि कोड लिहिताना तो काही बघण्यासारखा नसतो. म्हटलं, आता लाइट थीम, म्हणजे काळ्याऐवजी पांढऱ्या पार्श्वभूमीवर अक्षरं. तयार थीम ढीगभर आहेत, पण बहुतेकींना फिकेपणाची भारी हौस. मग स्वतःच रंग जुळवत बसलो.

पांढऱ्यावर काळा ठेवला की कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं गुणोत्तर, २१ : १. त्यापुढे जाताच येत नाही. वेबवरचा मजकूर सगळ्यांना वाचता यावा म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजीच्या निकषांप्रमाणे साध्या मजकुराला निदान ४.५ हवा, कडक परीक्षा घ्यायची तर ७. स्क्रीनवरचा शुद्ध लाल ४ वरच अडकतो. निळा मात्र साडेआठ मिळवून आरामात पास, कारण डोळ्याला त्याचा उजेड जाणवतोच कमी. आणि पिवळा? १.०७. म्हणजे असून नसल्यासारखा.

शाळेत स्केचपेनांच्या पाकिटात पिवळा वर्ष संपलं तरी भरलेलाच असायचा. मी आणि माझा बाकावरचा जोडीदार त्यानेच एकमेकांना चिठ्ठ्या लिहायचो. समोरून पाहिलं तर कोरा कागद. खिडकीपाशी नेऊन तिरका धरला की ओली अक्षरं क्षणभर चमकायची. मजकूर अगदीच फालतू असे, पण वाचायला जी खटपट पडायची तिच्यामुळे तो महत्त्वाचा वाटायचा.

कोड लिहायच्या एडिटरमध्ये असली खटपट कोण करणार! ७ च्या वर न्यायला पिवळ्याला इतकं गडद करावं लागतं की तो शेवाळी होतो. नारिंगीचा तपकिरी होतो. गडद हिरवा, गडद जांभळा, गडद निळा बारीक अक्षरांत सगळे काळ्याचेच भाऊबंद दिसतात. शेवटी कीवर्डचा, म्हणजे 'इफ'सारख्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ठरावीक शब्दांचा, रंगच काढून टाकला आणि ते नुसते ठळक केले. 'इफ' रंगीत नाही म्हणून कोणाचं काही अडत नाही.

माझं खरं दुखणं कॉमेंटचं, म्हणजे कोडमध्ये लिहिलेल्या टिपांचं आहे. थीम कोणाचीही असो, कॉमेंट राखाडी. ७६७६७६ या रंगक्रमांकाचा राखाडी हा पांढऱ्यावर ४.५ गाठणारा सगळ्यात फिका, पण बरेच जण त्याहूनही पुसट रंग लावतात. अख्ख्या फाइलमध्ये माणसाने माणसासाठी लिहिलेल्या ओळी त्याच, आणि पुसायच्याही त्याच? मी कॉमेंटची अक्षरं कुळकुळीत काळी केली आणि मागे पिवळी पट्टी घातली. काळ्याखाली पिवळा गेला की कॉन्ट्रास्ट साडेएकोणीस! इतकी वर्षं बिचाऱ्याला आम्ही चुकीच्या बाजूने वापरत होतो.

थीम लावून जुनी फाइल उघडली. पहिलीच पिवळी पट्टी: 'ही यादी कधीच रिकामी नसते.' खालच्या चौथ्या ओळीत यादी रिकामी आहे का, याची तपासणी. पुढच्या पट्टीत ज्या फंक्शनचा, म्हणजे कोडच्या तुकड्याचा, हवाला होता, ते केव्हाच काढून टाकलेलं. राखाडीत हे कधी डोळ्यांत भरलं नव्हतं. अशा कॉमेंटना वेगळा रंग द्यावा म्हटलं, पण ती खोटी झाली आहे हे एडिटरला कळणार कसं?