गोरवांचा पाडवा पडद्यावर आणताना

गोव्यात सत्तरी-डिचोलीकडे दिवाळीच्या पाडव्याला गोरवांचा, म्हणजे गुरांचा मान असतो. गोठा सारवून घेतात, गुरांना आंघोळ घालतात, झेंडूच्या माळा घालतात, पोळे, म्हणजे घावनं खाऊ घालतात. माझ्या पहिल्या मराठी चित्रपटाचा जीव याच प्रसंगात होता आणि तो मला खऱ्या पाडव्यालाच, त्या घरच्या माणसांसोबत टिपायचा होता. एकदा पाडवा हुकला की वर्ष गेलं. शिवाय नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. 2004 पासून महोत्सव गोव्यात आहे, त्याचा अभिमानही आहे, पण त्या दिवसांत पणजीबाहेर साउंडवाला मिळणं मुश्कील.

गाय चित्रपटात दाखवायची तर चित्रीकरणाआधी भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची परवानगी लागते. 2001 च्या नियमांपासून ही पद्धत आहे आणि मंडळाचं कार्यालय आहे हरयाणात, बल्लभगढला. मी पाऊस सुरू असतानाच अर्जाला लागले. कोणतं जनावर, मालक कोण, प्रसंगात ते नेमकं काय करणार, किती वेळ उभं राहणार, पाणी-सावलीची सोय काय, हे सगळं लिहून द्यायचं. सोबत मालकाचं संमतीपत्र आणि पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला.

गुरांचे मालक सत्तरीकडे. त्यांना कागद वाचून दाखवला तर म्हणाले, "बाये, गाय म्हजी, आंगण म्हजें, मागीर हरयाणाक कित्याक विचारप?" मी समजावलं, त्यांनी सही केली. पशुवैद्य आले त्या दिवशी रिपरिप चालू होती. दाखल्यात गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा क्रमांक घालायचा असतो. बारा आकडी. बिल्ल्यावर शेण वाळलेलं, त्यात गाय मान झटकत होती. घरच्या सुनेने ओल्या फडक्याने तो पुसला आणि मान कवेत धरून एकेक आकडा मोठ्याने वाचला, तेव्हा दाखला पुरा झाला. चित्रपटात तिचा कुठे फोटो नाही, पण श्रेयनामावलीत तिचं नाव मी आग्रहाने घातलं आहे.

पटकथेत त्या अंगणात बैलही होता. तो काढावा लागला. 2011 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने बैलाला वाघ-अस्वलाच्या यादीत घातलं. ज्या प्राण्यांचे खेळ किंवा प्रदर्शन करता येत नाही, ती ही यादी. साधं अंगणातलं दृश्य प्रदर्शनात मोडतं की नाही, या वादात उतरायची माझी तयारी नव्हती. मग म्हाताऱ्याच्या तोंडचा बैलाशी बोलण्याचा प्रसंग मी रिकाम्या जुवाजवळ नेला. जू भिंतीला टेकवलेलं, म्हातारा त्यावरची धूळ पुसतोय आणि आतून सुनेची हाक येतेय. माझ्या मते चित्रपटातला सगळ्यात चांगला शॉट तोच झाला.

परवानगी पाडव्याआधी हातात पडली. चित्रीकरण झाल्यावर मंडळाचं ना-हरकत प्रमाणपत्र वेगळं घ्यावं लागतं, आणि त्यासाठी जनावरं असलेली दृश्यं व पुन्हा कागद पाठवावे लागतात. तोवर संकलन झालेलं असलं तर बरं, नाहीतर पुढचं अडतं. कारण ते प्रमाणपत्र नसेल तर सेन्सॉरचा अर्ज पुढे सरकत नाही.

सेन्सॉरचा अर्ज आता ऑनलाइन आहे. संवाद आणि गाणी शब्दशः उतरवून द्यायची, सारांश द्यायचा, लांबीप्रमाणे शुल्क भरायचं. आमचा म्हातारा विडी ओढतो. ती काढा, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. मी ठेवली, कारण विडीशिवाय तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर उभाच राहत नाही. मग सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी चित्रफीत घालायची आणि विडी दिसते तेवढा वेळ खाली इशाऱ्याची ओळ. संकलकाने फ्रेम मोजून ती बसवली. मुंबईत समितीने चित्रपट पाहिला, मला आत बोलावून दोन-तीन गोष्टी विचारल्या आणि यूए 7+ मिळालं, म्हणजे सात वर्षांखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायचा. 2023 च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत गेली. ते आता कायमचं असतं.

एवढी यातायात कशासाठी, असं आमच्यातलेच काही विचारतात. महोत्सवात दाखवायला सरकारच्या सवलतीने प्रमाणपत्राशिवाय चालतं, त्यामुळे चांगले चांगले चित्रपट दोन-चार महोत्सव करून हार्ड डिस्कमध्ये पडून राहतात. तिकीट लावून खेळ करायचा, टीव्हीवर द्यायचा तर प्रमाणपत्र हवंच. माझा चित्रपट साखळीच्या रवींद्र भवनात लागला तेव्हा शेतातून आलेली माणसं पैसे देऊन आत बसली. त्या पैशांतून मी डबिंगवाल्याची उरलेली रक्कम दिली. पुढचा चित्रपट करायला माणसं पुन्हा उभी राहतात ती अशीच.

म्हणून नव्याने करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: खर्चाचा अंदाज मांडताना कागदांसाठी वेगळे पैसे आणि वेगळे महिने धरा. ते नंतर बघू म्हणून सोडलेत की शेवटी पोस्टरचे पैसे तिकडे जातात.

आणि एक मागणी. सेन्सॉर बोर्डाची नऊ प्रादेशिक कार्यालयं आहेत, कटक आणि गुवाहाटीतही आहे, गोव्यात नाही. दरवर्षी इफ्फीला देशभरातला चित्रपटसृष्टीचा कारभार काही दिवस पणजीत येऊन राहतो. त्याच दिवसांत गोव्यातल्या चित्रपटांसाठी समितीने इथेच खेळ पाहायची सोय केली, तर साउंडवाल्याचं मानधन मुंबईच्या खोलीभाड्यात जायचं थांबेल.