लाल टोक दक्षिणेला

दादरला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते मी. त्या दिवशी बारावीची बॅच होती, बार मॅग्नेटच्या फील्ड लाईन्स, म्हणजे चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषा, काढायच्या होत्या. ड्रॉइंग बोर्डवर कागद, मधे मॅग्नेट, लाल टोक म्हणजे नॉर्थ पोल उत्तरेकडे, आणि छोटा कंपास सरकवत टिंब टिंब जोडत जायचं. असं ठेवलं की न्यूट्रल पॉइंट मॅग्नेटच्या दोन बाजूंना यायला हवेत, तिथे मॅग्नेटचं फील्ड आणि पृथ्वीचं आडवं फील्ड एकमेकांना मारतात आणि सुई भरकटल्यासारखी कुठेही थांबते.

एका मुलीचे न्यूट्रल पॉइंट आले मॅग्नेटच्या टोकांसमोर, अक्षावर, मध्यापासून १८ सेंटीमीटरवर. मी बघितलं आणि सरळ लाल पेनाने काट मारली, म्हटलं मॅग्नेट उलटा ठेवलायस. ती म्हणाली, "नाही मॅडम, तीनदा केलं, लाल टोक उत्तरेलाच आहे." मी तिला परत करायला लावलं आणि शेजारी उभी राहिले. परत तेच!

मग तीच म्हणाली, कंपासच उलटा असेल तर? हे मला सुचलं नव्हतं. मॅग्नेट लांब नेऊन ठेवला, पश्चिमेच्या खिडकीतून चारचं ऊन येत होतं, तिकडे तोंड करून उभं राहिलो तर सुईचं उत्तर टोक उजव्या हाताला, म्हणजे कंपास बरोबर. मग मॅग्नेट दोऱ्याला बांधून लोखंडी कपाटापासून लांब टांगला. बराच वेळ हलत राहिला आणि थांबला तेव्हा लाल टोक दक्षिणेला!

लॅबचे मामा म्हणाले, गेल्या वर्षी मॅग्नेट कमजोर झालेले म्हणून कॉइलमधे घालून चार्ज करून घेतले होते. करंट उलटा गेला की स्टीलचे पोल पण उलटतात, आणि रंग मात्र जुनाच राहतो.

खरी मजा पुढे. आता खरा नॉर्थ पोल उत्तरेला करून तिने परत लाईन्स काढल्या, न्यूट्रल पॉइंट बाजूंना आले, १३ सेंटीमीटरवर. आपल्याकडे पृथ्वीचं आडवं फील्ड साधारण ०.३८ गॉस, ते घालून दोन्ही कागदांवरून डायपोल मोमेंट, म्हणजे मॅग्नेटची ताकद, काढला तर दोन्हीकडे १ अँपिअर मीटर वर्गाच्या आसपास. मला इतका आनंद झाला काय सांगू! (पृथ्वीच्या फील्डची मोजणी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून व्हायची, पण विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर मोजणीत गडबड होईल म्हणून १९०४ मधे अलिबागला नवी वेधशाळा काढली, हे मी तेव्हाच पोरांना सांगून टाकलं.)

तिच्या पहिल्या कागदावरची काट मी खोडली, खाली "बरोबर" लिहून सही केली आणि तिला सॉरी म्हटलं. मग बॅचमधली सगळी पोरं थांबली, उरलेले अकरा मॅग्नेट एकेक करून टांगले. अजून दोन उलटे निघाले.