क्रॉसओव्हर घरात आल्यावर

क्रॉसओव्हर म्हणजे दिसायला एसयूव्ही पण आतून कारच, ट्रकसारखी खाली वेगळी शिडीसारखी चौकट (लॅडर फ्रेम) वगैरे नसते, सांगाडा आणि बॉडी एकच असलेली मोनोकॉक बॉडी असते आणि बऱ्याच मॉडेल्समध्ये ताकद फक्त पुढच्या चाकांना जाते. १९९४ साली टोयोटाची आरएव्ही४ आली आणि मग हळूहळू सगळेच यात उतरले.

रोजच्या वापरात खरं सुख सीटच्या उंचीचं आहे. आईचे गुडघे दुखतात, आधीच्या सेडानमध्ये बसताना तिला वाकून स्वतःला आत ढकलावं लागायचं, आता ती सरळ सीटवर टेकते आणि पाय आत घेते, बस्स. लेकीची चाइल्ड सीट लावतानाही कंबर मोडत नाही, आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायचे, हुक सीटच्या फटीत चाचपडायचे, टक्क आवाज आला आणि खूण हिरवी झाली की काम झालं.

बूटचं, म्हणजे डिकीचं, मात्र कौतुक जरा जास्तच होतं बुवा. मागची सीट दुमडली की सायकलसुद्धा जाते हे खरं, पण पाचही जण बसले की जागा एखाद्या हॅचबॅकपेक्षा थोडीच जास्त उरते, वर कड उंच, जड बॅग उचलून उचलून हात भरून येतात.

वळणावर गाडी झुकते, मागच्यांना मळमळतं. हायवेला वेग वाढवला की मायलेज धडाधड पडतं, उंच गाडीला वारा जास्त अडवतो ना! टायरही मोठे म्हणून महाग. आणि ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, घेतली तरी ब्रेक लावताना तिचा उपयोग नाही, निसरड्या रस्त्यावर थांबवतात ते टायरच, म्हणून मी पैसे तिथे घातले. नवऱ्याला अजूनही गाडीच्या मागे तो ऑल व्हील ड्राइव्हचा बॅज हवाय, ते वेगळं.