सव्वीस चादरी

मे महिन्यात कास रस्त्यावरच्या एका होमस्टेचं सांडपाण्याचं गणित करायला गेलो होतो. अर्जात लिहिलं होतं चार खोल्या, दहा माणसं. माणशी १३५ लिटर, त्यातलं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे दिवसाला १०८० लिटर. अडीच हजार लिटरच्या सेप्टिक टाकीत ते दोन दिवस थांबतं. कागदावर सगळं बरोबर. असे आकडे जागेवर न जाता भरले जातात, एका फायलीतून दुसरीत उतरतात, आणि मला त्याची चीड येते.

पाण्याला मीटर नव्हता. सोमवारची सकाळ होती. मागच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरी मोजल्या. सिंगल गादीच्या, सव्वीस. धुणाऱ्या काकी म्हणाल्या, "फुलांच्या दिवसांत दोऱ्या पुरत नाहीत, साहेब." मोटर चालवणाऱ्या पोराला विचारलं, वरची दोन हजारांची टाकी शनिवारी कितीदा भरली? तीनदा. म्हणजे सहा हजार लिटर, त्यातलं ८० टक्के ४८०० लिटर सांडपाणी. सेप्टिक टाकीत ते जेमतेम बारा तास थांबतं. गाळ खाली बसायच्या आत शोषखड्ड्याकडे निघतो.

मालक समजूतदार माणूस. म्हणाले, "दादा, फ्लश बदलतो, नळांना फवारे लावतो. पाणी निम्म्यावर आणतो. मग चालेल ना?"

पाणी निम्म्यावर येईल, सांडपाण्यातला नायट्रोजन मात्र तेवढाच राहील. तो माणसागणिक मोजायचा, दिवसाला साधारण १० ग्रॅम, बराचसा लघवीतला. सव्वीस जणांचे २६० ग्रॅम. ४८०० लिटरमध्ये ते लिटरला ५४ मिलिग्रॅम पडतात, २४०० मध्ये १०८. सेप्टिक टाकीत तो फारसा अडत नाही. अमोनियाच्या रूपात बाहेर येतो, खड्ड्याभोवतीच्या मातीत हवा मिळाली की त्याचं नायट्रेट होतं, आणि नायट्रेट मातीला धरून राहत नाही. त्यात इथला दगड जांभा, भोकाभोकांचा. त्यातून मुरलेलं पाणी खाली घट्ट थर लागला की आडवं सरकतं आणि उतारावर झरा होऊन निघतं.

त्या उतारावर काकींच्या वस्तीचा पिण्याचा झरा आहे. मी नमुना तपासून घेतला. नायट्रेट लिटरला ३१ मिलिग्रॅम, पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५. "बसतंय की," म्हणून फाईल पुढे गेली. होमस्टे व्हायच्या आधी ते किती होतं, हे कुणीच तपासलेलं नाही. पाच असेल तर? तीस असेल तर? दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा, आणि मी रात्री त्यावरच अडकतो.

मालकांनी टाकी वाढवली, सांडपाणी मुरवायला कर्दळीचा वाफाही करताहेत. शोषखड्डा दुसऱ्या अंगाला हलवायला मात्र तयार नाहीत, कारण तिथे गाड्या लागतात. अहवालात मी दहा खोडून सव्वीस लिहिले. काकींकडे स्वच्छ बाटल्या ठेवल्यात; पाऊस लागल्यावर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या झऱ्याचं पाणी भरतील, आणि त्याच दिवशी मी ते न्यायला जाईन.