जत्रेची तारीख

तिने पिशवीतून कॅलेंडरची घडी घातलेली पानं काढली, तेव्हा मला वाटलं चुकून दुधाचा हिशेब घेऊन आली. तो होताच, रोजचा अर्धा लिटर. पण अधेमधे लाल ठिपके होते आणि काही तारखांना निळं वर्तुळ.

मी ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक. सातारा जिल्ह्यातला डोंगराकडचा भाग. गावोगावचे पुरुष वाशीच्या मार्केटात माथाडी. हिचा नवराही. लग्नाला तीन वर्षं झालेली. सोनोग्राफी, थायरॉइड ठीक, नवऱ्याचा वीर्यतपासणीचा रिपोर्टही चांगला. (कुरकुर न करता तपासणीला गेला, एवढ्यावरच तो मला आवडला होता.) सासूबाईंचं निदान मात्र ठरलेलं, "हिची पिशवीच थंड हाय."

लाल ठिपका पाळीचा, निळं वर्तुळ नवरा गावी आल्याचं.

"चौदावा दिवस धरूनच येतो, मॅडम. मोबाईलात तसंच सांगत्यात."

मी ठिपके मोजले. २६ जानेवारी, ३ मार्च, ८ एप्रिल. दर खेपेला ३६ दिवस.

केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढलं. अंडं सुटल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं. शुक्रजंतू आत पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. दोघांची गाठ पडते नळीत, पिशवीत नव्हे. इथे सासूबाई खुर्ची ओढून पुढे सरकल्या. आणि ते चौदा दिवस साधारण पुढच्या पाळीपासून मागे मोजायचे. जिची पाळी २८ दिवसांची, तिला पुढून मोजा की मागून, फरक पडत नाही. हिचं अंडं सुटलं असणार २५ मार्चच्या आसपास. नवरा आला १६ ला, गेला १८ ला. अठरा नि पाच, तेवीस.

शेजारी बसलेला नवरा बोटांवर मोजत होता. "म्हंजे दोन दिसांनी एस्टी चुकली."

अर्थात हा अंदाजच. म्हणून त्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखा, ताणला जाणारा स्राव कसा ओळखायचा, तेही तिला बाजूला घेऊन सांगितलं. सहा महिने बघू, नाहीतर पुन्हा डॉक्टरांकडे.

बाहेर व्हरांड्यात तो मुकादमाशी फोनवर बोलत होता. "तात्या, २१ ची रजा नको, २६ ला सोडा... न्हाई वो, जत्राच हाय. पुढं ढकलली."


पलीकडून काय विचारलं कोण जाणे. "गावानं ठरवलं, तात्या," तो म्हणाला, आणि बायको पदर तोंडाला लावून हसत राहिली.