काकांचा प्रश्न: तिकडे आपली मतं किती?

इंदूरला आले की पहिली सकाळ रामबागेत काकांकडे, पोहे-जिलबी आणि मग दुपारपर्यंत राजकारण. मी गेली अकरा वर्षं मिशिगनमध्ये राहतेय, डेट्रॉईटच्या बाहेर नोव्हाय म्हणून गाव आहे तिथं. या वेळी पोह्यांवर शेव पडायच्या आत काकांनी विचारलं, "तो बेळगावचा ठाणेदार तिकडे निवडून आला ना, तर तिथं आपली मतं किती असतील गं?" आपली म्हणजे मराठी माणसांची.

काकांचा हा प्रश्न जुनाच आहे. १९८५ ला सुमित्राताई महाजन इंदूर-३ मधून विधानसभेला उभ्या राहिल्या आणि महेश जोशींकडून हरल्या, तेव्हापासून काका मतदार याद्या घेऊन वाड्यावाड्यांतून फिरलेत, कुठल्या गल्लीत आपली किती घरं ते त्यांना तोंडपाठ असायचं. मग १९८९ ला ताईंनी लोकसभेला थेट माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठींना हरवलं, ते सांगताना आजही त्यांचा आवाज भरून येतो.

तर मी सांगितलं, काका, आपली मतं जवळजवळ शून्य. श्री ठाणेदारांचा (श्री हे त्यांचं नावच) जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात, १९७९ ला अमेरिकेत आले, ॲक्रनला केमिस्ट्रीत पीएचडी केली, सेंट लुईसला कंपनी वाढवली, २०१० च्या सुमाराला कर्जात ती हातातून गेली, मग मिशिगनमध्ये ॲन आर्बरला पुन्हा लॅब उभी केली आणि ती विकून राजकारणात उतरले. २०१८ ला एकदम गव्हर्नरपदासाठीच, म्हणजे तिकडच्या मुख्यमंत्रिपदासाठीच, उभे राहिले, स्वतःचे एक कोटीच्या आसपास डॉलर घातले आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, तिसरे आले. पण दोन लाखांच्या आसपास मतं मिळाली. नंतर ते डेट्रॉईट शहरात राहायला गेले आणि २०२० मध्ये तिथल्या तीन नंबरच्या मतदारसंघातून राज्याच्या हाऊसला, म्हणजे आपल्या भाषेत आमदारकीला, उभे राहिले.

डेट्रॉईटमध्ये दहातले जवळपास आठ लोक कृष्णवर्णीय आहेत. तिथं खरी लढाई ऑगस्टमधल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीतच होते, नोव्हेंबरची नुसती औपचारिकता. तर प्रायमरीत बरेच उमेदवार होते, मतं फुटली, ठाणेदारांना साधारण एक तृतीयांश मिळाली आणि तेवढ्यात जिंकले, मग नोव्हेंबरला नव्वद टक्क्यांच्या वर. वर्ष कोविडचं, पण २०१८ पासून मिशिगनमध्ये कुठलंही कारण न देता घरून पोस्टाने मत देता येतं, त्यामुळे उमेदवारांची सगळी मदार घरी येणाऱ्या पत्रकांवर आणि जाहिरातींवर. आणि तिथं पैसा लागतो. ठाणेदारांनी आमदारकीलाही स्वतःचा भरपूर पैसा घातला आणि मला ही गोष्ट खुपते, आपला माणूस आहे म्हणून मी ती झाकणार नाही. फॉर्म भरायला फक्त १०० डॉलर लागतात, सह्या गोळा केल्या नाहीत तरी चालतं, पण लोकांपर्यंत पोचायचं म्हटलं तर नुसत्या १०० डॉलरवर कोण पोचणार?

काकांना सगळ्यात जास्त नवल वाटलं ते टर्म लिमिटचं. मिशिगन हाऊसमध्ये ११० आमदार, टर्म दोनच वर्षांची, आणि १९९२ मध्ये लोकांनीच मतदान करून नियम केला की हाऊसमध्ये आयुष्यात तीनच टर्म. सहा वर्षं झाली की घरी. (२०२२ मध्ये तो बदलला, आता दोन्ही सभागृहं मिळून बारा वर्षं.) काका म्हणाले, "काय बोलून राहिलीस! म्हणजे आमच्या बाबूलाल गौरांना तिकडे सहा वर्षांत घरी बसवलं असतं? माणूस दहा वेळा निवडून आला इथे." मग आमचा अर्धा तास त्यातच गेला. मला नियम आवडतो, काकांना नाही, त्यांचं म्हणणं की आमदाराला विधानसभेचं काम कळायलाच पाच वर्षं लागतात. त्यात तथ्य आहे हे मान्य करावं लागेल, कारण नवखे आमदार सतत येत राहिले की वर्षानुवर्षं तिथंच असलेल्या लॉबिस्टांचं, म्हणजे कंपन्या-संघटनांसाठी आमदारांचं मन वळवणाऱ्यांचं, वजन वाढतं, ही तक्रार मिशिगनमध्येही होत आलीय.

ठाणेदार लान्सिंगला, म्हणजे मिशिगनच्या राजधानीत, एकच टर्म होते, तीही विरोधी बाकांवर, कारण तेव्हा हाऊसमध्ये रिपब्लिकन बहुमत होतं. २०२२ ला मतदारसंघ नव्याने आखले गेले. ते काम तिथं आता आमदार करत नाहीत, तेरा सामान्य नागरिकांचा आयोग करतो. त्या नव्या नकाशावर ते १३ नंबरमधून थेट अमेरिकन काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, गेले, प्रायमरीत पुन्हा तसंच, नऊ उमेदवार आणि २८ टक्के मतं.

त्या निकालाने १९५५ नंतर पहिल्यांदा डेट्रॉईटचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये उरला नाही. माझ्या ऑफिसात डेट्रॉईटचीच एक मैत्रीण आहे, तिथंच जन्मलेली. मी आनंदाने तिला म्हटलं की हे आमची भाषा बोलतात. ती म्हणाली, छान आहे, पण माझ्या आईला आज फार वाईट वाटतंय. त्यानंतर मी तिच्यासमोर तो विषय काढला नाही.

हे सांगितल्यावर काका गप्प झाले. २०१९ ला ताई उभ्या राहणार नाहीत असं कळलं त्या दिवशी ते असेच बसले होते म्हणे, काकूनेच सांगितलं. आठ वेळा ताई लोकसभेला निवडून आल्या त्या काही फक्त वाड्यांतल्या मतांवर नाही, तेवढी आपली मतं इंदुरात कधी नव्हतीच, हे काकांना याद्या पाहून केव्हाच कळलं होतं. इतर लोकांनीही ताईंना आपलं म्हटलं तेव्हाच ते झालं. ते जे काही होतं ते त्या डेट्रॉईटच्या आईला ठाणेदारांबद्दल वाटतं का, मला माहीत नाही. वाटायला हवं असेल तर त्यांनाच खूप काम करावं लागेल.

"आणि तुझं मत कुणाला?" काकांनी शेवटी विचारलं. कुणालाच नाही. तिथली नागरिक नाही म्हणून तिथं मत नाही आणि इथल्या यादीत नाव नाही. पण भारतीय पासपोर्ट असला तर परदेशात राहणाऱ्यालाही नाव घालता येतं, फॉर्म ६ ए भरून, पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात, फक्त मत द्यायला स्वतः यावं लागतं. काकांनी चष्मा लावला, पासपोर्ट मागितला आणि शेवटच्या पानावरचा रामबागेचा पत्ता मोठ्याने वाचला. मग म्हणाले, विधानसभा २०२८ ला आहे, सुट्टी आत्ताच मागून ठेव.